पुतळ्याच्या कानावरची पेन्सिल

वादळात चौकातल्या झाडाची एक जाड फांदी मोडली आणि पडता पडता स्मारकावरच्या जवानाचा उजवा कान घेऊन गेली. कानावर पेन्सिल होती, तीही गेली.

सकाळी सगळी वस्ती स्मारकाभोवती जमली. दूधवाल्यानं कानाचे तुकडे वेचून बादलीत ठेवले. सगळ्यात शेवटी सुतार आला, रंधा हातात तसाच. त्यानं मान वर करून बिनकानाच्या जवानाकडे पाहिलं, आणि त्याला आतून इतकं बरं वाटलं की त्यानं घाईघाईनं चेहरा पाडला. कारण लोक पुतळ्याकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त पाहत होते.

पुतळ्याचा चेहरा सुताराचा होता.

सुतार मात्र चांगला जिवंत होता. वय बासष्ट, गुडघे ठीक, दात निम्मे स्वतःचे. भाजी आणायला जाताना तो रोज स्वतःच्याच चोविसाव्या वर्षाच्या तोंडाखालून जायचा. सैन्यात तो एक दिवसही नव्हता, तरी वस्तीत त्याला सगळे ‘जवान’ म्हणत. “अहो जवान, दाराची कडी निघालीय, येऊन जा की जरा!” अशी हाक आली की जवान पिशवीत पटाशी टाकून निघायचा. अडतीस वर्षं त्याची एकच इच्छा होती, की हे तोंड तिथून उतरावं. जे गेले ते दुसरे, आणि वर चढून बसलो मी, हे त्याला काही केल्या पचत नव्हतं.

आता कान तुटला होता. नवीन काहीतरी करावंच लागणार होतं.

स्मारकाच्या दगडावर चार नावं आहेत. वस्तीत ती नावं कुणी घेत नाही. लंबू, गोलकीपर, बेकरीवाल्यांचा धाकटा आणि मास्तरांचा मुलगा, असंच सगळे म्हणतात. या चौघांच्या जोडीला पाचवा सुतार. पाचही जण एका वर्गातले, एका मैदानावरचे. सैन्यभरतीलाही पाचजण एकाच बसनं गेले. तिथल्या डॉक्टरनं सुताराला ओल्या पायांनी फरशीवर चालायला लावलं आणि मागे उमटलेले ठसे बघून विचारलं, “हे माणसाचे पाय की बदकाचे?” तळवे साफ सपाट. संध्याकाळच्या बसनं परत आले ते चार जवान आणि एक बदक. निघायच्या दिवशी लंबू त्याला म्हणाला, “बदक्या, माझी खाट कुरकुरते. मी येईपर्यंत तेवढी नीट करून ठेव.”

सुतारानं खाट नीट केली. पुढच्याच वर्षी लढाई झाली आणि चौघांपैकी एकही परत आला नाही.

त्यानंतर वर्षभरानं वस्तीनं स्मारक करायचं ठरवलं, आणि चार घरांत जुंपली. पुतळा एकच होणार होता आणि चेहरेही काही चार बसत नव्हते. लंबूच्या वडिलांचं म्हणणं, उंच माणसाचाच पुतळा शोभतो. बेकरीवाले म्हणाले, आमचा धाकटा दिसायला चौघांत उजवा होता, हे शत्रूही कबूल करेल. मास्तरांनी चार पानी अर्ज लिहिला. तीन महिने हे चाललं. शेवटी गोलकीपरची आई सभेत उठून म्हणाली, “कुणाच्याच पोराचा नको. बदक्याला उभा करा. चौघांबरोबर वाढलाय, चौघांच्या घरी जेवलाय. कुणाला परका नाही आणि कुणाचा सख्खाही नाही.”

सुतार कोपऱ्यात उभा होता. त्याला नाही म्हणायचं होतं. चारही घरं एकदम त्याच्याकडे वळून बघायला लागली, आणि ते त्याच्या तोंडून निघालंच नाही.

पुतळा करायला जो गडी मिळाला, तो बंगल्यांच्या फाटकांवर बसवायचे सिमेंटचे सिंह करायचा. माणूस हाताचा पक्का, पण समोर जे दिसेल तेच करणार, मनाचं काही नाही. सिंह कधी पाहिला नव्हता, म्हणून त्याचे सगळे सिंह त्याच्या सासऱ्यासारखे दिसत. सुताराला काम सोडून जाणं जमेना, तेव्हा तोच सळया आणि सिमेंट घेऊन सुताराच्या कारखान्यात आला. अकरा दिवस सुतार झाडूची काठी खांद्याला लावून उभा राहिला. गडी सिमेंट कालवायला वळला की हा पटकन फळीवर खूण करायचा आणि पेन्सिल परत कानावर ठेवायचा. सुताराच्या कानावर पेन्सिल असते, हे त्याला स्वतःला कळत नाही. चष्मेवाल्याला चष्मा कळत नाही, तसंच ते. आणि गड्याला वाटलं, असेल काहीतरी सैन्यातली पद्धत.

अनावरणाला एक मोठे लष्करी अधिकारी आले होते. पडदा ओढला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. जवान ताठ उभा, खांद्याला बंदूक, पायात बूट, आणि उजव्या कानावर एक सुबक, टोक काढलेली पेन्सिल.

अधिकाऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, “पेन्सिल?”

स्मारक समितीच्या सेक्रेटरीला घाम फुटला. सुताराचा हात आपोआप कानाकडे गेला, आणि तिथं पेन्सिल होतीच. तेवढ्यात मागून गोलकीपरच्या आईचा खणखणीत आवाज आला, “घरी पत्र लिहायला हो! आमची पोरं पत्रं लिहायची.”

अधिकारी टाचा जुळवून उभे राहिले. त्यांनी पुतळ्याला कडक सलाम ठोकला. मग अशा टाळ्या पडल्या की झाडावरचे कावळे उडाले.

सुताराचा खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. चेहरा आता त्याचा एकट्याचा राहिला नव्हता. एकदा तो चौकात वांग्यांवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होता, तर लंबूची आई रस्ता ओलांडून आली. “वर तो कसा उभा आहे बघ, आणि तू वांग्यांसाठी भांडतोस?” सुतार किडकी वांगी मुकाट्यानं घरी घेऊन गेला. तिशीत त्यानं हौसेनं मिशी ठेवली. आठवड्यात चार घरांचं शिष्टमंडळ दारात हजर. मास्तरांनी घसा साफ केला. “हे बघ, पुतळ्याला मिशी नाही.” मिशी गेली. दाढ सुजली की तो गाल खाली बसेपर्यंत मागच्या गल्लीनं जायचा.

बायकोला आधी याची मजा वाटायची. तिच्या वडिलांनी मुलगा बघायच्या आधी पुतळा बघितला होता आणि जागच्या जागी होकार देऊन टाकला होता. “मला कुठं माहीत,” ती शेजारणीला सांगायची, “की पुतळ्याचा पोक काढलेला नमुनाही असतो म्हणून.” पण नवऱ्याला हा चेहरा जड होतो, हे तिनं कधीच ओळखलं होतं. चौकातून येताना तो नेहमी डाव्या फुटपाथनं, खाली बघत यायचा.

मग आता कान तुटल्यावर ती म्हणाली, “अहो, सुटलात की.”

“असं बोलू नये,” सुतार म्हणाला, आणि त्या दिवशी जेवताना त्यानं दोनदा भात मागून घेतला.

रविवारी वाचनालयाच्या खोलीत सभा झाली. सेक्रेटरी आता पहिल्या सेक्रेटरीचा मुलगा होता. बापासारखाच घामट आणि बापासारखाच उत्साही. त्यानं बेकरीवाल्यांच्या नातीला पुढं बोलावलं. पोरगी इंजिनिअर. धाकटा म्हणजे तिच्या बाबांचा काका. तिनं चारही घरांतून फोटो गोळा केले होते आणि काँप्युटरवर चौघांचा मिळून एक चेहरा तयार केला होता.

“म्हणजे कसा?” लंबूच्या भावानं विचारलं.

“चौघांचे डोळे, नाक, हनुवटी, सगळ्याची मापं घ्यायची आणि सरासरी काढायची. कुणावर अन्याय नाही.”

“म्हणजे आमच्या दादाचं नाक भागिले चार?”

“चौघांची नाकं मिळवून भागिले चार, काका.”

“गोलकीपरचं नाक मिळवलंस तर बेरीजच बिघडेल ना. ते नाक नव्हतं, बटाटा होता.”

लोक हसले. तिनं बटण दाबलं आणि भिंतीवर चेहरा उमटला. चेहरा चांगला होता, गुळगुळीत होता, आणि कुठंतरी पाहिलेला होता. कुठं पाहिलाय, हे कुणालाच आठवेना. शेवटी दूधवाला ओरडला, “अरे, हा तर मीटर बघायला येतो तो!”

मग हसू कुणालाच आवरेना. लंबूचा भाऊ टेबलावर डोकं टेकून हसला. पोरगी आधी लाल झाली, मग तीही हसायला लागली. “तोच आहे हो,” तिनं कबूल केलं. “आमच्याकडं मंगळवारी येतो.”

डोळे पुसून झाल्यावर तिनं दुसरा कागद काढला. त्यावर चेहराच नव्हता. एक उंच काळा दगड, त्यावर चार नावं, बाजूला दोन बाकं. साधं आणि देखणं. सगळ्यांना आवडलं. सेक्रेटरी सुताराकडे वळला. “जवान, चेहरा तुमचा आहे. आधी तुम्ही सांगा.”

सुतार उठला. या वाक्याची त्यानं अडतीस वर्षं तयारी केली होती. “उतरवा,” तो म्हणाला. “मी लढलो नाही. मला तिथं ठेवणं बरोबर नव्हतंच. दगड चांगला आहे.”

सेक्रेटरीनं वहीत लिहिलं. पुढच्या सोमवारी क्रेन मागवायचं ठरलं.

घरी येताना सुतार डाव्या फुटपाथनं आला नाही. मधूनच आला, शीळ घालत.

गोलकीपरची आई गुडघ्यांमुळं सभेला आली नव्हती. वय चौऱ्याऐंशी. चौघांच्या आईबापांपैकी आता ती एकटीच उरली होती. दुसऱ्या दिवशी सुतार तिच्याकडे गेला. खिडकीचं एक दार फुगून बसत नव्हतं, हे निमित्त. बातमी आपणच सांगावी, हे खरं काम.

ती पलंगावर बसून शेंगा सोलत होती. “ये. त्या खिडकीतून चौक दिसायचा मला, आता अर्धाच दिसतो. बिजागरी बघ.”

सुतारानं दार उतरवलं, टेबलावर आडवं टाकलं आणि रंधा मारता मारता सगळं सांगितलं. सरासरीचा चेहरा, मीटरवाला, काळा दगड. मीटरवाल्यावर ती इतकी हसली की शेंगा खाली सांडल्या. क्रेनवर मात्र ती हसली नाही.

“तू हो म्हणालास?”

“मावशी, तो मी आहे. तो तुमचा मुलगा नाही.”

“हे तू मला सांगतोस? मला काय डोळे नाहीत?” तिनं एक शेंग फोडली. “माझ्या पोराला मी ओळखत नाही होय? आणि पत्राचं म्हणशील, तर त्यानं जन्मात एकच पत्र लिहिलं. ‘मी बरा आहे. मोजे पाठव.’ संपलं. त्याला पेन्सिल कशाला हवीय! त्या साहेबासमोर तुझं तोंड उतरलेलं बघवेना, म्हणून बोलले मी.”

सुताराचा रंधा थांबला. अडतीस वर्षं त्याला वाटत होतं, की निदान ते पत्रांचं तरी खरं होतं.

“मग मिशी का काढायला लावलीत?” त्यानं एकदम विचारलं. हा प्रश्न इतकी वर्षं आत दबून होता.

“मिशीत तू तुझ्या बापासारखा दिसायला लागलास. आम्हाला तू तुझ्या बापासारखा नको होतास.” ती थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “वरचा तो चोवीस वर्षांचा आहे. तो तसाच राहणार, त्याचं काही नाही. आम्ही बघायचो ते तुला. तुला पहिला पांढरा केस आला, तेव्हा लंबूची आई मला सांगायला आली होती, माहितीय? म्हणाली, ‘बघितलंस का गं, यांना चाळिशी लागली.’ यांना म्हणाली ती. तुला चष्मा लागला तेव्हा मास्तर म्हणाले, आमच्याकडं सगळ्यांना लवकरच लागतो. तुझी लेक नांदायला गेली, तेव्हा आम्ही चौघी रडलो. चार जणांचं म्हातारपण तू एकट्यानं काढलंस बाबा. वर तो आणि खाली तू, असे दोघं एका वेळी दिसले की मला हिशोब लागतो. नुसता दगड ठेवलात, तर मी कुणाचं वय बघू?”

सुतारानं दार उचललं. बिजागरीत बसवलं. उघडलं, लावलं, परत उघडलं. खिडकीतून आता चौक पूर्ण दिसत होता, आणि त्यात बिनकानाचा, ताठ उभा असलेला तो.

“मी तर लाजेनं खाली बघून जायचो,” तो म्हणाला.

“माहितीय. म्हणून तर पोक आलाय. आता जा, आणि त्या क्रेनवाल्याला सांग, घरी बस म्हणून. आणि शेंगा घेऊन जा बायकोला.”

सुतार शेंगांची पिशवी घेऊन थेट सेक्रेटरीच्या घरी गेला. सेक्रेटरी दाढी करत होता, अर्ध्या गालाला फेस.

“माझा शब्द मी मागे घेतो,” सुतार म्हणाला.

“अहो, पण ठराव झालाय! वहीत लिहिलंय!”

“पेननं की पेन्सिलनं?”

सेक्रेटरीनं फेसाळलेल्या तोंडानं वही उघडली. पेन्सिलनं लिहिलेलं होतं. सुतारानं कोटाच्या खिशातून खोडरबर काढून त्याच्या हातात ठेवलं. सुताराकडे खोडरबर असतंच.

सभा पुन्हा बोलवावी लागली, पण ती पाच मिनिटांत संपली. सुतारानं पहिल्या पांढऱ्या केसाचं सांगितलं आणि म्हणाला, मावशीला मुलांचं म्हातारपण बघायचं अजून राहिलंय. लंबूचा भाऊ उठला, नाक पुसलं आणि म्हणाला, “आईनं मलाही सांगितलं होतं ते केसाचं.” बस्स. बाकांची कल्पना मात्र सगळ्यांनी ठेवली, आणि ती सुतारानंच करायची ठरली.

प्रश्न उरला कानाचा. सिंहवाला गडी कधीच वारला होता. बादलीतले तुकडे पोरीनं जोडून पाहिले, तर मधला भाग सापडेना. शेवटी लक्षात आलं, की मूळ कान ज्याचा होता तो अजून वस्तीतच राहतो. सुताराच्याच कानाचा साचा घ्यायचा.

सुतार आपल्याच कारखान्यात स्टुलावर बसला, अडतीस वर्षांपूर्वी उभा राहिला होता त्याच जागी. पोरगी कानावर ओलं प्लॅस्टर थापत होती आणि बायको आरसा धरून उभी होती.

“हलू नका आजोबा.”

“थंड आहे गं.”

“अहो, गप्प बसा,” बायको म्हणाली. “पुतळे बोलत नाहीत.”

साचा निघाला. पोरीनं मापाच्या पट्टीनं आधी साच्यातला कान मोजला, मग शिडीवर चढून पुतळ्याचा शाबूत असलेला डावा कान मोजला. खाली उतरली ती कपाळाला आठ्या घालून. “आजोबा, गडबड आहे. हा नऊ मिलिमीटरनं मोठा येतोय. वयाबरोबर कान वाढतो. डावा चोविसाचा आणि उजवा बासष्टचा, असं होईल. थोडा घासून लहान करू?”

सुतारानं क्षणभर विचार केला. “नको,” तो म्हणाला. “समोर आहे तसा कर.”

कान बसवायला तो स्वतः शिडीवर चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ते तोंड इतक्या जवळून पाहिलं. वारा-पावसानं गाल खरखरीत झाले होते, पण भुवई त्याचीच होती आणि हनुवटीवरचा लहानपणचा व्रणही गड्यानं सोडला नव्हता. त्यानं सिमेंट भरलं, थापीनं नीट केलं, कान दाबून धरला. मग पेन्सिलीची जागा आखायला स्वतःच्या कानावरची पेन्सिल काढली, खूण केली आणि सवयीनं परत ठेवायला गेला, तर ती पुतळ्याच्याच नव्या कानामागं सारली गेली.

खाली जमलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. सुताराला कशासाठी ते कळायला वेळ लागला.

“राहू द्या तीच!” लंबूचा भाऊ ओरडला. “सिमेंटची नंतर करा!”

गोलकीपरच्या आईला दूधवाल्यानं खुर्चीसकट उचलून चौकात आणलं होतं. तिनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं, मग शिडीवरून उतरलेल्या सुताराकडे, मग परत वर.

“उजवा कान मोठा झालाय रे.”

“वयानं वाढतो, मावशी.”

“वाढू दे,” ती समाधानानं म्हणाली. “आणि तू सरळ उभा राहा जरा.”